लाभ, सात, चार, नऊ

स्वतःच्याच गाडीला स्वतःच कुलूप घालून त्याचा आकडा विसरणारी बाई आमच्या होळी नावाच्या वस्तीत एकच होऊन गेली. ती म्हणजे मी. आज नातवंडांना पिकल्या केसांच्या शहाण्या आजीसारखा उपदेश करते, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

गाडी आम्ही जुनी घेतली होती. आधीच्या मालकाने तिला इमोबिलायझर बसवून घेतला होता. स्टिअरिंगखाली बटणांची छोटी पट्टी होती. किल्ली फिरवली की चार आकडे दाबायचे, मगच इंजिन सुरू होणार. नाहीतर गाडी नुसती कुंथायची. चालवायची मी एकटीच, कारण आमच्या ह्यांना गिअर म्हटलं की घाम फुटायचा. पण धाकट्या दिरांना घाम फुटत नव्हता. पावसाळ्यात दर रविवारी मित्रांना भरून ते चिंचोटीच्या धबधब्यावर जायचे आणि चिखलाने माखलेली गाडी अंगणात आणून लावायचे. म्हणून मी कोड बदलला. वाढदिवस, लग्नाची तारीख असलं काही ठेवलं तर दीर ओळखतील, म्हणून मुद्दाम काहीच अर्थ नसलेले चार आकडे घेतले. कागदावर लिहिले नाहीत. "कोड डोक्यात ठेवायचा असतो," असं मी मान वर करून ह्यांना ऐकवलंसुद्धा. तेव्हाची मी भेटली तर तिचा कान धरीन.

मग लेकीच्या बाळंतपणाला मी पुण्याला गेले. परत आले तोवर गाडीवर चिकूची पानं साचली होती. आल्याबरोबर दुसरंच काम पुढे होतं. सासूबाईंचा मोतीबिंदू.

आईंची सगळी हयात मोगऱ्याच्या वाडीत गेली, पण त्या वर्षी त्या कळ्या बोटांनी चाचपून खुडायच्या आणि "ही पांढरी झाली का गं?" म्हणून मला विचारायच्या. डोळ्याला सुरी लावायची म्हटलं की मात्र देव्हाऱ्यापाशी जाऊन बसायच्या. किती मिनतवाऱ्यांनी एकदाच्या कबूल झाल्या, तेही एका अटीवर. "भाड्याच्या गाडीत बसून मी डोळा कापायला जायची नाही. आपल्या गाडीतून नेशील तर येईन." बोरिवलीच्या डॉक्टरांनी तारीख दिली. ती चुकली तर आई पुन्हा हो म्हणणार नाहीत, हे मला आणि ह्यांना पक्कं ठाऊक होतं.

आदल्या दिवशी मेकॅनिकने बॅटरी चार्ज करून बसवून दिली. सकाळी आई नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसल्या, मांडीवर पिशवी. हे माझ्या शेजारी. मी ऐटीत किल्ली फिरवली, बोट पट्टीवर नेलं, आणि डोकं कोरं.

"दाब ना," हे म्हणाले.

"दाबते की." मी काहीतरी दाबलं. नाही. दुसरं दाबलं. नाही.

"लग्नाची तारीख दाबून बघ."

"ती नाही ठेवलेली."

"बघ तरी."

दाबली. गाडी जी बोंबलायला लागली, ती थांबेना. शेजारच्या वाडीतली माणसं कुंपणाशी गोळा झाली. हे म्हणाले, "निदान तारीख तरी बरोबर दाबलीस ना?"

सायरन थांबला, तरी पट्टी पुन्हा जागी व्हायला वेळ लागणार होता. मागून आईंचा आवाज आला, अगदी प्रसन्न. "देवालाच नको असेल हो. उतरते मी. भाकऱ्या टाकायच्या आहेत."

"आई, बसा!" मी खेकसले. उभ्या जन्मात त्यांच्यावर कधी खेकसले नव्हते.

पट्टी जागी झाली. मी पुन्हा चुकले, पुन्हा बोंब. हे घड्याळाकडे बघायचे आणि मग खिडकीबाहेर. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "माझ्या अतिशहाणपणापायी आईंचा डोळा जाणार," म्हणाले आणि खरंच रडायला लागले.

बऱ्याच वेळाने माझ्या खांद्यावर मागून हात आला.

"रडतेस काय बाय? आधी लाभ म्हण."

आमच्याकडे केळ्यांच्या फण्या मोजा की शहाळी मोजा, पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. म्हणजे बरकत येते. लग्न होऊन आले तेव्हा आईंनीच ही सवय मला लावली होती. मी नाक पुसलं आणि मुकाट्याने पुटपुटले, "लाभ..."

आणि पुढचं आपोआप ओठांवर आलं. "सात, चार, नऊ."

गाडी चालू झाली! ह्यांनी हात जोडले, कुणाला ते ठाऊक नाही. कुंपणापलीकडून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. हायवेला लागून खाडीचा पूल ओलांडेपर्यंत मी गिअर बदलतानासुद्धा तेच आकडे घोकत होते. डॉक्टर उशिराबद्दल थोडं बोलले, पण त्यांनी आईंना आत घेतलं. त्या दिवशी त्यांचं रागावणंही मला गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी सुटली. आईंनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, चांगलं टक लावून. माझे पांढरे झालेले केस त्यांना पहिल्यांदाच दिसले असावेत. घरी परतताना त्या हट्टाने पुढच्या सीटवर बसल्या. मी बटणांवर बोट नेलं आणि सवयीने ओठ हलवले, तशा त्या हसल्या.

"दर खेपेला तू असंच पुटपुटतेस आणि मी मागे बसून ऐकते. आकडा मला पहिल्यापासून ठाऊक होता, बाय. भीती वाटत होती, म्हणून गप्प बसले. आता दुसऱ्या डोळ्याच्या वेळी विसरू नकोस, तेव्हा उशीर झालेला मला चालायचा नाही."