उतरवून दाखव

"दोरी चढवून तर कुणीही दाखवेल," सेल्मा म्हणाली. "आता उतरवून दाखव."

डॉम बर्तोल्दीने हातातला क्रॉसबो, म्हणजे चाप असलेलं आडवं धनुष्य, आपल्या दुकानाच्या काउंटरवर ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. बाहेर सप्टेंबरचा गार वारा सुटला होता, पण सेल्मा निएमी समोर उभी असली की त्याला घाम फुटायचाच. दोघं एका वर्गात शिकलेले. डॉमने तिच्यापुढे हात टेकले ते शाळेतच. आता सत्तरी जवळ आली तरी त्यात फरक पडला नव्हता.

"अगं, उतरवायचा कशाला? एखादा जुना बाण जमिनीत मारायचा, झाली दोरी मोकळी. सगळे तेच करतात."

"आमच्या रानात जमीन आहे कुठे? बोटभर पालापाचोळा, खाली खडक. बाण मोडतो."

"मोडू दे की एखादा बाण!"

"हे ओन्नीला सांग," ती म्हणाली, आणि डॉमने मान खाली घातली. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं.

ओन्नी हा सेल्माचा नवरा. जन्मभर जंगलतोडीचं काम केलेला, दाराला डोकं आपटेल एवढा उंच, आणि कंजूष म्हणावं तर कंजूष नाही, पण वाया घालवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. वाकडे खिळे ठोकून सरळ करायचा आणि डब्यात भरून ठेवायचा. तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर त्या गावात जे टिकले ते असेच टिकले. सेल्माही त्यातलीच. शिळ्या पावाचे तुकडे ती भट्टीत कडक करून ठेवायची आणि कॉफीत बुडवून खायची.

त्या मुलखात नोव्हेंबर पुरुषांचा. बंदुकीच्या शिकारीचे दिवस आले की गावातले सगळे बाप्ये रानातल्या आपापल्या खोपटांत जाऊन राहतात, पत्ते कुटतात, थापा मारतात, आणि बायका घरी सुटकेचा निःश्वास सोडतात. ऑक्टोबर मात्र धनुष्यवाल्यांचा असतो, आणि निएमींच्या घरात तो दोघांचा होता. लग्न झालं त्याच वर्षी ओन्नीने तिला धनुष्य आणून दिलं होतं. सेल्मा डावखुरी, म्हणून मुद्दाम डाव्या हाताचं. गावाने काय काय टोमणे मारले! बायकोला घेऊन शिकारीला जातो, उद्या खोपटात पडदे लावील. ओन्नीने लक्ष दिलं नाही. तेव्हापासून दर ऑक्टोबरला पहाटे दोघं आपल्या मेपलच्या रानाच्या टोकाला, फळ्या ठोकून केलेल्या आडोशात जाऊन बसायचे. थर्मासमध्ये कॉफी, फडक्यात वेलदोड्याचा गोड पाव. बोलायचं नाही, हलायचं नाही, खांद्याला खांदा लावून बसायचं. आपला संसार स्वयंपाकघरात नाही, त्या आडोशात झाला, असं सेल्माला वाटायचं, आणि ते खरंच होतं.

पुढे करवत चालवून चालवून ओन्नीचे खांदे गेले. तिचेही वयाने गेले. धनुष्य ओढवेना. म्हणून मागच्या ऑक्टोबरला ओन्नीने सेल्माच्या भावाकडून, ऑस्करकडून, क्रॉसबो मागून आणला. सकाळभर हरीण फिरकलं नाही. निघायची वेळ झाली आणि चढवलेली दोरी तशीच. खडकात मारून मेव्हण्याचा बाण कशाला मोडायचा, असा ओन्नीने विचार केला. हा विचार त्या गावचा माणूसच करू जाणे. त्याने बाण काढून घेतला, दोरी ओढायचा दोर तिच्यात अडकवला, उजव्या हाताने दोर धरला आणि डाव्याने चाप दाबला. हळूहळू सोडू, असा बेत. सेल्मा थर्मासचं झाकण लावत होती. दोर सटकला. ओन्नी ओरडला नाही. "अरेच्चा," एवढंच म्हणाला, आश्चर्य वाटल्यासारखं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तेव्हापासून त्या हातावर सतत हातमोजा. जेवताना, चर्चमध्ये, उन्हाळ्यातसुद्धा. फक्त शनिवारी सौनात, गरम दगडांवर पाणी ओतून दोघं वाफेत बसायचे तेव्हा तो उतरायचा, आणि तिथेही ओन्नी तो हात मांडीखाली दडवायचा. रानाचं नाव काढलं की म्हणायचा, "विकून टाक सगळं." उन्हाळाभर सेल्माने ऐकून घेतलं. मग एके दिवशी तो खिडकीशी बसून नुसता मेपलकडे बघताना तिला दिसला, आणि ती हट्टाला पेटली. माझा ऑक्टोबर मी असा जाऊ देणार नाही, असं तिने मनाशी ठरवलं आणि थेट डॉमचं दुकान गाठलं.

तिथे ती आता चौथ्यांदा आली होती. डॉमने वेगवान माल दाखवला, तिने नाक मुरडलं. "हा बाण वाऱ्यासारखा जातो बघ," तो म्हणाला. "हरणाला कुठे गाडी गाठायची असते?" ती म्हणाली. एक हलकाफुलका होता, पण त्यात अंगठा दोरीच्या वाटेत येत होता. तो तिने हातातही घेतला नाही. एक ओन्नीच्या हाताला बसेल असा होता, पण तिच्या खांद्याला लावला की चाप लांब राहायचा.

"एवढं आहे तर दोन घ्या ना! एक तुला, एक त्याला."

"दोन घेतले तर त्याचा खुंटीवर लटकेल आणि मी एकटी जाईन. एकच हवा. दोघांत."

डॉमने काउंटरवरचा माल बाजूला सारला. मग तो मागच्या खोलीत गेला आणि धूळ बसलेलं एक खोकं घेऊन आला. मागच्या वर्षीचं मॉडेल होतं. दिसायला बोजड, वेग बेताचा, म्हणून कुणी घेतलं नव्हतं. खांद्याला टेकवायचा दस्ता पुढेमागे सरकत होता, म्हणजे उंच माणसालाही चालेल आणि बुटक्यालाही. हाताच्या वर आडवी पट्टी होती, तिच्यामुळे अंगठा दोरीपर्यंत पोहोचूच शकत नव्हता. बाण किंवा हँडलचे आकडे लावलेले नसले तर दोरी सुटायची नाही. आणि दस्त्याला एक हँडल, त्याला दोरीत अडकवायचे आकडे. डॉमने ते फिरवलं, दोरी मागे आली, खटका बसला. मग न सांगता त्याने हँडलचे आकडे पुन्हा दोरीला लावले, ताण घेतला, चाप दाबला आणि हँडल उलटं फिरवलं. दोरी सावकाश पुढे गेली आणि निमूट थांबली.

"हात मध्येच सुटला तर?" सेल्माने विचारलं.

डॉमने हँडल अर्ध्यात सोडून दिलं आणि दोन्ही हात वर केले. दोरी होती तिथेच राहिली.

"आता मी. चिकटपट्टी दे."

"चिकटपट्टी कशाला?"

तिने उजव्या हाताची दोन बोटं तळव्यात दुमडली आणि डॉमला ती पट्टीने गच्च बांधायला लावली. मग त्या हाताने हँडल फिरवून दोरी चढवली. उतरवली. पुन्हा चढवली. घाम आला, मनगट दुखलं, तरी पुन्हा उतरवली. मग तो खांद्याला लावून पाहिला आणि म्हणाली, "जड आहे मेला. बांध."

डॉमने खोकं बांधताना डोळे पुसले आणि वारा फार आहे म्हणाला. दुकानाचं दार बंद होतं.

घरी आल्यावर ओन्नीने खोक्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. सेल्माने त्याला सौनात गाठलं. तिथून कुणाला पळता येत नाही.

"दोघांत घेतलाय," ती दगडांवर पाणी ओतत म्हणाली. "एक दिवस माझा, एक दिवस तुझा."

"माझे दिवस तू घे."

"नाही. तुझा दिवस तो तुझा."

"मी जाणार नाही, सेल्मा. आणि मला तो धरताही येणार नाही आता. चाप ओढायचं बोटच नाही."

"डाव्या हाताने धर. मी जन्मभर काय करत आले? तेव्हा तर फार हसायचास, खेकड्यासारखी नेम धरते म्हणून."

ओन्नी हसला नाही, पण उठूनही गेला नाही.

ऑक्टोबर लागला. पहिल्या दिवशी सेल्मा एकटी गेली. फळ्यांच्या आडोशात तिच्या उजव्या खांद्याला नुसता वारा लागत होता, आणि तिला इतकं एकटं वाटलं की तिथेच रडू आलं. हरीण आलं नाही. तिने दोरी शांतपणे उतरवली आणि घरी आली. दुसरा दिवस ओन्नीचा. क्रॉसबो भिंतीवर, ओन्नी खुर्चीत, आणि सेल्मा ओट्यापाशी पावाचं पीठ मळत. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, चौथ्या दिवशी घरी. असं चाललं. तिच्या दिवशी नेमका पाऊस, त्याच्या दिवशी कोरडी, थंड, वारा पडलेली सकाळ. शिकाऱ्याने देवाकडे मागावी अशी.

एकदा त्याच्याच दिवशी, खिडकीसमोरच्या कुरणातून एक मोठा नर हरीण सावकाश चालत मेपलच्या रानात शिरला. शिंगं अशी की ओन्नी खुर्चीतून अर्धा उठला.

"सेल्मा! बघ, बघ! जा लवकर!"

"माझा दिवस नाही," ती पीठ मळत म्हणाली.

"अगं, आडोशाकडेच निघालाय तो!"

"जाऊ दे. उद्या पाऊस सांगितलाय. उद्या जाईन मी."

"म्हणजे ही सकाळ अशीच फुकट घालवणार?"

"मी कुठे घालवतेय? सकाळ तुझी आहे."

ओन्नीचा चेहरा लाल झाला. तो येरझाऱ्या घालू लागला. वाकडा खिळा टाकवत नसलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांदेखत असली सकाळ मातीमोल होत होती, आणि बायको ढिम्म उभी होती. "हे बरोबर नाही," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. सेल्माने वर पाहिलंच नाही, पण तिचे हात पिठात थांबले होते.

दुपारी अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर बाण बसल्याचा आवाज आला. तिने खिडकीतून पाहिलं. ओन्नी क्रॉसबो डाव्या खांद्याला लावून उभा होता, अगदी खेकड्यासारखा. ती बाहेर गेली नाही. बाण त्याने गठ्ठ्यातच मारला होता, त्यामुळे दोरी उतरवायची वेळ आली नव्हती. खरी भीती पुढेच होती, हे दोघांना माहीत होतं.

पुढच्या त्याच्या दिवशी पहाटे तो बूट घालून दारात उभा राहिला. "कॉफी केलीस?" एवढंच विचारलं. सेल्माचा जीव सुपाएवढा झाला.

आडोशात दोघं खांद्याला खांदा लावून बसले. ओन्नीने हँडल फिरवून दोरी चढवली, बाण ठेवला. उजाडलं. गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. मग तो नर आला, तोच, पण बर्चच्या झुडपांच्या पलीकडून, पाठमोरा, पार्श्वभाग आणि मानच दिसेल असा. ओन्नीने नेम धरला. नर आडवा झाला असता तर बाण नीट बसला असता. तो झाला नाही. ओन्नी बराच वेळ तसाच राहिला, मग त्याने क्रॉसबो खाली घेतला. हरीण जखमी करून रानात सोडायचं नाही, हे त्याने लग्नाच्या वर्षी तिलाच शिकवलं होतं. नर निघून गेला.

ऊन वर आलं. निघायची वेळ झाली. बाण काढून झाला आणि दोरी तशीच चढलेली राहिली.

ओन्नीने क्रॉसबो तिच्यापुढे धरला. "तू उतरव."

"आज तुझा दिवस आहे."

"सेल्मा."

"डॉमच्या दुकानात बोटं बांधून उतरवलाय मी. तुझ्या हाताने होतं ते. मी पाहिलंय."

"बोटं बांधून?"

"दोन. हीच." तिने हात वर करून दाखवला.

हातमोजा आड येत होता म्हणून ओन्नीने तो दातांनी ओढून काढला आणि बाकावर टाकला. उरलेल्या बोटांनी हँडल धरलं, आकडे लावले, ताण घेतला. चापाशी येऊन डावं बोट थांबलं. इथेच, याच जागी बसून मागच्या वर्षी त्याने हेच केलं होतं. सेल्माने पुढे जाऊ पाहणारे आपले दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसून राहिली. आयुष्यात इतकं अवघड काम तिने दुसरं केलं नव्हतं.

ओन्नीने चाप दाबला. काही झालं नाही. दोरी आकड्यांवर आली आणि थांबली. त्याने हँडल उलटं फिरवलं, एकदा, मग पुन्हा, आणि दोरी हळूहळू पुढे जाऊन सैल पडली. मग त्याने उघड्या हाताचं खुंटलेलं बोट त्या दोरीवर ठेवलं आणि हलवून पाहिलं.

"अरेच्चा," तो म्हणाला.

सेल्माला रडू फुटलं. तिने ते लपवलंही नाही.

"रडतेस काय? हरीण गेलं म्हणून?" ओन्नी क्रॉसबो खांद्याला अडकवत म्हणाला. "उद्या तुझा दिवस. तुझ्याकडून काय व्हायचंय म्हणा, पण मी येतो बरोबर. थर्मास उचलायला तरी."

"ये. पण घोरू नकोस."

तो वाकून आडोशातून बाहेर पडला आणि थंडीत लांब ढांगा टाकत निघाला, दोन्ही हात मोकळे. सेल्माने थर्मास घेतला, फडकं झटकून घडी केलं, पावाचा उरलेला तुकडा खिशात टाकला. बाकावर हातमोजा पडला होता. निएमींच्या घरात काही म्हणून वाया जात नाही, पण तो तिने तिथेच राहू दिला.