मांडीवरचं बोट

"याच्या बापानं पाचव्या वर्षी तोंड उघडलं!" असं म्हणत ती टेबलावर तळहात आपटत होती. टेबल माझं, दवाखाना माझा, पण बोलणं सगळं तिचं. तपासायला आणलेला नातू अडीच वर्षांचा. त्याच्या तोंडून अजून एक शब्द फुटला नव्हता आणि आजीच्या तोंडाला विश्रांती नव्हती.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर तीच देणार. नाशकात लहान मुलांचं ऐकणं-बोलणं तपासायचं काम मी बरीच वर्षं करते, पण इतका राग मला दुसऱ्या कोणाचा आलेला नाही. ती देवळ्याकडची. मुलगा ओझरला कारखान्यात, म्हणून इकडे राहायला आलेली. मी सुनेला विचारलं, "हाक मारली की बघतो का?"

"बघतो ना!" सासूबाई म्हणाल्या. "मनात आलं का बघतो. लय मिजाशी हाय."

बोलायला लागावा म्हणून वेखंड उगाळून चाटवून झालं होतं. पोपटाने उष्टावलेला पेरू शोधून भरवला होता. आता फक्त कान चांगले आहेत असं माझ्याकडून वदवून घ्यायचं राहिलं होतं.

पोराला मांडीवर तिनेच घेतलं. सुनेला हात लावू दिला नाही. मी मागे उभी राहून छोटी ढोलकी टिपरीने वाजवली. पोरगं वळलं. दुसऱ्या बाजूने वाजवली, त्या बाजूला वळलं. आजी मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू पोरगं दहावीला पहिलं आलंय. मलाही बरं वाटलं.

मग मी टिपरी उचलली आणि शिंक येईलशी वाटून हात तसाच थांबला. ढोलकी वाजलीच नाही. पोरगं मात्र वळलं.

मी पुढे येऊन पाहिलं. आजीचं बोट त्याच्या मांडीत रुतलेलं होतं. मी ज्या बाजूला टिपरी उचलीन, त्या बाजूच्या मांडीला ती बोट टोचत होती. घरी तयारी करून घेतली होती तिने. मी भडकले. "आजी, तुम्ही बाहेर बसा."

"का? चोरी केली का मी?"

सुनेच्या मांडीवर बसवून पुन्हा ढोलकी वाजवली. पोरगं हलेना. मी म्हटलं, मशीनवर तपासू या, झोपेत करतात, दुखत नाही. तशी आजी दार ढकलून आत आली. "डोक्याला वायरी लावता? बहिरा म्हणून शिक्का मारला तर उद्या याला पोरगी कोण देईल?" अडीच वर्षांच्या पोराची सोयरीक! तिने त्याला उचललं आणि निघाली. जिन्यातून ओरडली, "याच्या बापानं पाचव्या वर्षी..."

हे झालं दिवाळीनंतर. सून पोराला घेऊन एकटी आली तेव्हा चैत्र लागून उन्हाळ कांदा निघत होता. या वयात एकेक महिना मोलाचा असतो. ते मधले सगळे महिने त्या बाईने पोराच्या ताटातून काढून घेतले. प्रेमाने घेतले म्हणून ते परत येत नाहीत.

मशीनने सांगायचं ते सांगितलं. दोन्ही कानांना यंत्रं बसली. आजी रुसून देवळ्याला निघून गेली. "त्या बाईच्या दारात पाय ठेवायची नाय," असा निरोप सुनेने हसू दाबत सांगितला. मी म्हटलं, उत्तम.

यंत्रं लावल्यावर मी पहिल्यांदा ढोलकी वाजवली. पोरगं दचकलं. सून रडायलाच लागली. पण ते माझ्याकडे वळलं नाही. त्याने आधी आपल्या मांडीकडे पाहिलं. तिथे हात फिरवला. मग मान वर करून आईचा चेहरा पाहिला, आणि तो नको असल्यासारखं दाराकडे वळून आजीला शोधू लागलं.