अर्धा तास पुढे

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण छळते ती एकच, आणि ती घड्याळाबद्दलची. घड्याळं तपासणं हाच तेव्हा माझा धंदा होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुईनगरला आमचं छोटं ऑफिस. परदेशात एक प्रोग्रॅमिंगची भाषा तयार होत होती. तिला देशोदेशीच्या वेळा नीट सांगता येतात का, ते मी बघायचो. लंडन बरोबर, टोकियो बरोबर, भारत आला की गाडी अडायची. आपण लंडनच्या साडेपाच तास पुढे, ती पाचच धरायची. वरचा अर्धा तास गायब! चूक मी कळवली, पण दुरुस्ती येईपर्यंत पुढचं काम अडलं होतं. मग काय, जुगाड! कॉम्प्युटरचंच घड्याळ अर्धा तास पुढे सरकवलं. भारताची उत्तरं चोख यायला लागली. रोज संध्याकाळी ते मागे घ्यायला हवं होतं, पण ही कटकट कोण करणार? राहू दिलं तसंच.

सकाळच्या पाळीला त्याच कॉम्प्युटरवर एक मुलगी डेटा एन्ट्री करायची. खाडीकाठच्या गावातली, घरातली पहिली नोकरदार, अजून कायम न झालेली. ती कामाला बसली की तिची वेळ कॉम्प्युटरच नोंदवायचा. महिनाअखेरीस साहेबांनी यादी काढली, तर बाई रोज वीस-पंचवीस मिनिटं उशिरा. सुटायची वेळही पुढे गेली होती, पण तो रकाना बघतो कोण?

"साहेब, मी टायमाच्या आधीच येते. बाबांचं घड्याल बगूनच निगते," ती म्हणाली.

"एक आठवडा बघतो. नाहीतर दुसरीकडे बघ," साहेब म्हणाले.

मी शेजारीच बसलो होतो. सगळं लख्ख कळलं.

साहेब गेल्यावर ती माझ्याकडे आली. मनगटावरचं पुरुषी घड्याळ काढून पुढे केलं. वडील त्याच वर्षी वारले होते. "दादा, तुमी टायमाचंच काम करता ना? बगा ना, ह्ये मागं पडतंय काय?"

मी माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मिनिटाचा फरक नव्हता. अरे, बोल ना! पण साहेब मला परदेशी पाठवायच्या विचारात होते.

"हो. अर्धा तास मागे आहे," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी कॉम्प्युटरचं घड्याळ गुपचूप जागेवर आणलं. ती आठवडाभर अर्धा तास आधीच येऊन बसली. कायम झाली. पेढे घेऊन पहिली माझ्याकडेच आली.

"दादा, तुमच्यामुलं वाचले."

तिचं मनगट मोकळं होतं. मी विचारलं.

"पेटीत ठेवलं. बाबा कदी खोटं बोलले नाय, पन त्यांचं घड्याल बोललं."

मी पेढा खाल्ला. वर अभिनंदनही केलं.