जसंच्या तसं करून मिळेल

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाचे हात मोडकी वस्तू दिसली की शिवशिवतात. काकांचे तर इतके, की पाहुणे म्हणून गेले तरी चहा गार होऊ देत आणि आधी यजमानांच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी बघत. दुकानावर त्यांनी पाटी लावली होती, ‘जसंच्या तसं करून मिळेल.’ पुढे लोक घड्याळं दुरुस्त करण्याऐवजी नवीनच घ्यायला लागले. दुकान बंद झालं आणि पाटी घरच्या भिंतीवर आली.

“इथं कोण गिऱ्हाईक येणारेय?” काकूंनी विचारलं.

“असू दे.”

“मग मलाच द्या करून जसंच्या तसं. पंचविशीतली होते तशी.”

काकूंची थट्टा ठीक होती, पण घरात चांगला चालणारा मिक्सरही काका महिन्यात दोनदा उघडत होते. शेवटी काकूंनीच ओळखीतून त्यांना मुलांच्या दवाखान्यात चिकटवून दिलं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक खेळाची खोली होती. घरात काही वाईट घडलेली, घाबरलेली, बोलेनाशी झालेली मुलं तिथं येत, चित्रं काढत, माती थापत, वाळूत गाड्या पुरत. तिथल्या बाईंना मुलं खेळताई म्हणत. त्या मुलांना ‘काय झालं’ असं कधी विचारत नसत, नुसत्या शेजारी बसत. काकांना हे फारच सोपं काम वाटलं. त्यांच्या दुकानात घड्याळाला काय झालंय हे आधी विचारावं लागे.

काकांचं काम खेळणी दुरुस्त करणं. नियम एकच होता. दाराजवळच्या टोपलीत असेल तेवढंच उचलायचं, फडताळावरच्या वस्तूला हात लावायचा नाही. मोडकी दिसली तरी नाही.

फडताळावर खालच्या कप्प्यात एक बाहुली होती, लाकडी पायांची. उजवा पाय गुडघ्यात मोडलेला. काकांनी ती तीन आठवडे पाहिली. चौथ्या बुधवारी खोलीत कुणी नव्हतं. टोपली रिकामी, हात मोकळे. त्यांनी गुडघ्यात पितळेची सळई घातली, सांधा घासला, रंग दिला. बाहुली ताठ उभी राहिली तेव्हा काकांची छाती फुगली.

गुरुवारी सात वर्षांची एक मुलगी आली. तिच्या आईचा गाडीच्या अपघातात पाय मोडला होता. मुलगी त्याच गाडीत होती आणि तिला ओरखडाही आला नव्हता. आई दोन महिने अंथरुणावर होती आणि मुलगी तेव्हापासून घरात कुणाशी बोलत नव्हती. दर गुरुवारी ती फक्त त्या बाहुलीच्या पायाला पट्टी बांधत असे. आज तिने बाहुली उचलली, पाय पाहिला, दोनदा दुमडून बघितला आणि बाहुली भिंतीवर भिरकावली.

“ही एका दिवसात कशी झाली?” ती ओरडली. “आई का नाही होत?”

ती बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली. पुढच्या गुरुवारीही आत आली नाही.

“ती परत आत येईल की नाही, सांगता येत नाही,” खेळताई म्हणाल्या. “काका, आता मात्र काही करू नका.”

काही करायचं नाही, हे काकांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी बाहुली गुपचूप घरी नेली आणि पाय परत मोडायला घेतला. लाकूड कापलं गेलं, पण पुढे त्यांचीच पितळेची सळई आडवी आली. काम इतकं पक्कं झालं होतं की करवत घसरली आणि डाव्या हाताच्या बोटात शिरली. चार टाके पडले.

“बाहुलीला काही झालं नाही ना?” काकूंनी पट्टीकडे बघत विचारलं.

गुरुवारी मुलगी बाकावरच होती. काका पलीकडच्या टोकाला बसले. ती कितीतरी वेळ त्यांच्या बोटाकडे बघत राहिली.

“दुखतं?”

“छे! काही नाही. होईल बरं.”

मुलीने तोंड फिरवलं. दोन महिने सगळी मोठी माणसं तिला हेच सांगत होती. काकांना ते कळलं आणि फार लाज वाटली.

“दुखतंय,” ते म्हणाले. “खूप दुखतंय. तुझ्या बाहुलीचा पाय परत मोडायला गेलो. तुला न विचारता हात लावला, ते चुकलंच माझं.”

“कधी बरं होणार?”

“माहीत नाही गं.”

ती उठली. “आत चला,” म्हणाली.

खेळताईंनी दार उघडं धरलं आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या. मुलीने डॉक्टरांच्या पट्टीवर आपली पट्टी बांधली, हे बोट हलवायचं नाही असं बजावलं, आणि पट्टी बांधता बांधता आपल्या गाडीत काय झालं ते सांगितलं. काकांनी मधे तोंड घातलं नाही. त्यांना ते फार जड गेलं.

मग दर गुरुवारी तेच. टाके निघाले, जखम भरली, तरी मुलगी पट्टी सोडून बघे आणि “अजून नाही,” म्हणे. दुसऱ्याची वस्तू वेळेत देण्याबद्दल नाव कमावलेला माणूस तिच्या पुढ्यात मुकाट हात धरून बसे.

दहाव्या की अकराव्या गुरुवारी तिला न्यायला तिची आई आली, काठी टेकत, पाय ओढत. मुलीने काकांची पट्टी सोडली आणि बोट दुमडून बघितलं. ते निम्म्यातच अडलं.

“पूर्ण नाही वाकत आता,” काका म्हणाले.

“आईचा पायपण नाही वाकत,” ती म्हणाली. “चालेल.”

चाळीस वर्षांत अर्धवट कामाला ‘चालेल’ असं कुणी म्हटलं नव्हतं. काकांनी घरी येऊन पाटी उतरवली. खिळा काढताना बोट ठणकलं, तेव्हा ते “दुखतंय गं,” असं चक्क मोठ्याने म्हणाले. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, कारण छत्तीस वर्षांच्या संसारात हे त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी बोट हातात घेतलं, मग भिंतीकडे पाहिलं.

“अहो, केवढं भोक पडलंय तिथं. बुजवणार ना?”

“राहू दे,” काका म्हणाले.