खालचा सांगाडा, वरचा डबा

वर्कशॉपातली माणसं त्याला वैद्य म्हणायची. बसचे पत्रे ठोकण्यात त्याची उमर गेली, पण हे नाव पडलं ते निवृत्तीनंतर. मोडीत निघालेल्या बसची आधी नंबरपाटी काढतात, मग रंग खरवडतात, मग तिच्यात कुणी दुकान थाटतो, कुणी कोंबड्या पाळतो. अशी बेवारशी गाडी कुठल्या डेपोतली, कुठल्या रस्त्यावर झिजली, हे विचारायला लोक त्याच्याकडे येत. तो पत्र्यावरून अंगठा फिरवी, नखानं रंगाचे थर उकली. दाराजवळच्या बुजवलेल्या भोकांवरून घंटीची दोरी कुठून जात होती ते सांगे. शेवटी पुढच्या चाकामागे वाकून चासीवरचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला नंबर वाची आणि म्हणे, "हीच ती." 'बहुतेक' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

थोरल्या बहिणीलाही त्यानं असंच सांगितलं होतं. ताईच्या नवऱ्यानं एकच गाडी अकरा वर्षं चालवली. भाऊजी गेल्यावर दोन वर्षांनी इथल्या शाळेनं वाचनालयासाठी मोडीतली एक बस आणली. वैद्यानं चासीचा नंबर वाचला आणि धापा टाकत बहिणीचं घर गाठलं. "ताई, भाऊजींची गाडी सापडली!" तेव्हापासून, तीन वर्षं झाली, गुडघे कुरकुरले तरी ताई रोज दुपारी त्या बसमध्ये बसून मुलांना पुस्तकं देते. सून म्हणते, घरात तोंडाला कुलूप आणि तिथे अखंड टकळी.

आता मुख्याध्यापिकांना दारावर पाटी लावायची होती. "गाडीचा इतिहास तुम्हीच लिहून द्या, खाली सही करा," त्या म्हणाल्या. उगाच चूक नको म्हणून वैद्य पुन्हा गाडीखाली शिरला.

पहिल्या वेळी नंबर वाचल्यावर त्यानं वर मान केलीच नव्हती. आता बॅटरीच्या उजेडात सांगाडा आणि वरचा डबा, म्हणजे बसची पत्र्याची बॉडी, यांच्यामधले लाकडी ठोकळे दिसले. ठोकळे मूळचे नव्हते. शेजारी बोल्टांची जुनी भोकं रिकामी होती. आणि कोपऱ्यातल्या पट्टीवर छिन्नीची एक तिरकी खूण. आपलं काम पुरं झालं की तो करायचा तीच.

मग आठवलं. त्या वर्षी सुटे भाग मिळत नव्हते. दोन लंगड्या गाड्यांतून एक धड करा, असा वरून हुकूम आला होता. एकीचा सांगाडा, दुसरीचा डबा. अशा आठ-दहा जोड्या त्यानंच लावल्या. कुठली कुणाला, कोण लक्षात ठेवतो? हात काय करतात ते डोक्याला विचारून थोडंच करतात. भाऊजी त्या हुकमाच्या आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते.

म्हणजे ताई ज्या खिडकीशी बसते, ती भाऊजींनी कधी पाहिलीसुद्धा नव्हती.

तो तसाच उताणा पडून राहिला. सही केली तर कुणाला कळणार? चासी तर खरीच होती. वर ताईची पावलं वाजत होती. ती पुस्तकं लावत होती.

"ताई, जरा खाली येतेस?"

"तूच वर ये. माझे गुडघे काय भाड्याचे आहेत?"

तो वर गेला. कपडे न झटकताच सगळं सांगून मोकळा झाला. ताईनं हातातलं पुस्तक मिटलं.

"म्हणजे तीन वर्षं मी परक्याच्या घरात झाडू मारतेय?"

"चुकलं माझं."

"मोठा वैद्य! नाडी एकाची, औषध दुसऱ्याला." तिनं पुस्तक खिडकीच्या कडेला ठेवलं. मग म्हणाली, "ह्यांच्या गाडीचा डबा कुठंय मग?"

"वितळवला असेल. नाहीतर..." तो थांबला. "माहीत नाही, ताई."

"तसंच लिही. खोट्या पाटीखालून मी रोज आत यायची नाही."

त्यानं गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं: सांगाडा अमक्या नंबराचा. वरचा डबा दुसऱ्या गाडीचा. कुठल्या ते माहीत नाही. खाली सही केली. ताईनं कागद वाचला, घडी घालून त्याच्या खिशात कोंबला.

"आणि ह्यांचं काय उरलं यात?"

"खालचं सगळं. स्टिअरिंग. ती पेडलं."

ताई उठली. दांड्या धरत पुढे गेली आणि कष्टानं ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली. तिथे ती आजवर बसली नव्हती. क्लचचं पेडल डाव्या कडेला झिजून गुळगुळीत झालं होतं. तिनं पाय पुढे केला. तो वीतभर अलीकडेच राहिला.

"पोचत नाही रे."

"उंच होते ते."

"मला सांगतोस?" ताई म्हणाली, आणि सीटच्या कडेपर्यंत पुढे सरकली.