पाणकावळ्याचा दम

गादीवाल्याला गावात गादीवाला म्हणून फार थोडे लोक हाक मारत. लहानथोरांच्या तोंडी तो पाणकावळा, आणि त्या नावाला तो हसून ओ द्यायचा. माणूस दिसायलाही तसाच. काळासावळा, मान लांब, अंगावर मांस नावाला. एकदा पाण्यात शिरला की कुठं गेला आणि कुठून डोकं काढील याचा पत्ता नाही.

गावाबाहेर दगडाची जुनी खाण होती. दगड काढणारे केव्हाच निघून गेले, तळाला झरे फुटले आणि खड्डा पाण्यानं भरला. कडा सुरीनं कापल्यासारख्या, उतरायला एकच वाट, वर ना भिंत ना तार. वर्षा-दोन वर्षांनी ती कुणाला तरी गिळायचीच. पोहायला गेलेली पोरं, तोल गेलेला एखादा दारुडा, आणि कधीमधी आपल्या पायांनी चालत गेलेली कुणाची तरी सून. त्यांना वर काढायचं काम गादीवाल्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

"घरातली उशी उसवलीय ती उसवलीय, आणि हे निघाले लष्कराच्या भाकऱ्या भाजायला," गादीवाली करवादायची.

"भाकऱ्या कसल्या, पोर काढायला चाललोय."

"मेलेलंच ना?"

"पोर मेलेलं असतं गं. काठावर आई जिवंत असते."

ती टॉवेल हातात द्यायची.

पाण्यात उतरण्याआधी तो त्या आईपाशी उकिडवा बसायचा आणि विचारायचा, "घरात काय म्हणून हाक मारता?" शाळेतलं नाव त्याला नको असायचं. लाडाचं, घरातलं नाव मनात घोकत तो खाली जायचा. "तिथं गाळात डोळ्यांचा उपयोग नाही," तो बायकोला सांगायचा. "नुसतं चाचपायचं. दगड लागतो, फांदी लागते, टायर लागतो. मनात नाव असलं म्हणजे माणूस हाताला लागल्यावर हात घाबरत नाही." वर आणलं की तो आधी तोंडावरचा चिखल पुसायचा, डोळे मिटवायचा, आणि मगच आईला जवळ येऊ द्यायचा.

घर म्हणजे रस्त्याकडेच्या दोन खोल्या. पुढं कापूस पिंजायचं यंत्र, मागं संसार. यंत्र सुरू झालं की समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. भुवयांवर कापूस, पापण्यांवर कापूस, झाकण ठेवायचं राहिलं तर पाण्याच्या पेल्यातसुद्धा. ती खोळी शिवायची, तो दाभणानं टाके घालायचा. संध्याकाळी जेवणाआधी तो तिला पुढ्यात बसवून तिच्या केसांतला कापूस वेचायचा.

"लोकांच्या बायका म्हातारपणी पांढऱ्या होतात. माझी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग बदलून घ्यायची होती."

"आता कोण परत घेतंय!"

लेक खुदकन हसायची. एकुलती एक लेक, बापाच्या पाठीवर बसून खाणीत पोहायला शिकलेली. सुट्टीच्या दिवशी बापलेक सरकारी दवाखान्यातल्या गोळे झालेल्या गाद्या हातगाडीवर घालून आणायचे आणि पिंजून, भरून परत टाकून यायचे. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही. आजारी माणसाच्या पाठीला गाठ टोचू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

पण कापूस केसांतून वेचता येतो, छातीतून नाही. हळूहळू त्याला ढास लागायला लागली. आधी पहाटेची, मग खाणीची वाट चढताना, मग बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, यंत्र बंद करा आणि पाण्यात जाणं तर विसराच. यंत्र बंद केलं तर खायचं काय? त्यानं तोंडाला फडकं बांधलं आणि बायकोला बजावलं, "बाहेर बोलू नकोस."

"का? लाज वाटते?"

"माझा दम गेला हे कळलं, तर त्या आयांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

झाकली मूठ तिनंही झाकलेली ठेवली. उशीत तोंड खुपसून खोकणारा नवरा तिला एकटीलाच ऐकू येत होता, आणि गाव तिकडं त्याच्या दमाच्या गोष्टी सांगत होतं. खाणीवरच्या चहावाल्यानं तर मापच ठरवलं होतं: पाणकावळ्याचा दम म्हणजे एक पेला चहा. तो खाली गेला की हा पेले भरायचा. चहा संपत आला की पाणी हलायचं आणि वर डोकं. पैजा लागायच्या. गादीवाला नगरपंचायतीच्या अध्यक्षांकडे चार वेळा जाऊन आला, खाणीला तार मारा म्हणून. अध्यक्ष हसून म्हणाले, "तुम्ही असताना काय काळजी?"

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी गादीवाली बहिणीकडे गेली होती. नळवाल्याचा थोरला पोरगा खाणीत बुडाला आणि माणसं धावत आली. गादीवाला दाभण खाली ठेवून उठला. पहिल्या बुडीत पोराची चप्पल मिळाली. तो वर येऊन कडेचा दगड धरून बराच वेळ खोकला. लोकांना वाटलं, पाणी गेलं नाकात. मग तो पुन्हा गेला.

चहावाल्यानं पेले भरले. ते रिकामे झाले. पाणी हललं नाही.

"अजून अर्धा अर्धा घ्या," चहावाला म्हणाला. "आज गडी रंगात आलाय."

चारजण हसले. अर्धा अर्धा झाला. तेवढ्यात लेक धापा टाकत आली. "बाबा कधी गेले खाली?" तिनं विचारलं. सगळ्यांच्या हातांत पेले, आणि जो तो दुसऱ्याकडे बघतोय. पट्टीचे पोहणारे दोघं-तिघं तिथं उभे होते, पण पाणकावळ्यामागं कुणी उडी मारावी, हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. लेकीनं अंगावरच्या कपड्यांनिशी सूर मारला. दुसऱ्या खेपेला ती वर आली तेव्हा तिच्या हातात बापाचा दंड होता, आणि बापाच्या मुठीत पोराची कॉलर.

गादीवालीला ते सगळं नंतर कळलं, ज्यानं त्यानं आपापल्या परीनं सांगितलेलं. तिथं ती असती तर म्हणाली असती, अरे, त्यांना अर्ध्या पेल्याचाही दम उरला नाही, मारा उड्या! हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून आता काय उपयोग होता?

अध्यक्ष भेटायला आले. खुर्चीवरचा कापूस झटकून बसले. "वहिनी, गावाचा आधार गेला. खाणीच्या रस्त्याला त्यांचं नाव देऊ."

"नाव नको. तार मारा."

"मारू की. निधी येऊ द्या." मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं आणि मान हलवली. "आणि आता ही आहेच. बापाचा दम उतरलाय पोरीत. सगळ्या गावानं पाहिलं."

गादीवालीनं चटकन वळून लेकीकडे पाहिलं. लेक खाली बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते 'जायलाच हवं' आईनं बरोबर ओळखलं. नवऱ्याच्या तोंडावर तेच बघत तिनं उभा संसार काढला होता. पुढं पुढं लेक एकटीच खाणीवर जायला लागली. ओले केस घेऊन परतायची, विचारलं की म्हणायची, "सराव नको का?"

"कशाचा सराव? मढी काढायचा?"

"बाबा काढायचे की."

"बाबांचं नाव घेऊन माझं तोंड बंद करू नकोस. त्यांनाही मी अडवायला हवं होतं आणि टॉवेल द्यायला नको होता."

लेक यंत्र चालवायची, आई खोळी शिवायची.

आणि एका दुपारी इस्त्रीवाला अनवाणी धावत आला. त्याची मुलगी. कपडे पोचवून खाणीच्या कडेनं येत होती. "काकू, ताई आहे ना?"

आत यंत्र घरघरत होतं. लेकीला काही ऐकू येत नव्हतं. गादीवालीनं दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजू धरल्या. "गावाला गेलीय."

इस्त्रीवाल्यानं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. यंत्र थांबलं. केसभर कापूस घेऊन लेक बाहेर आली, एका नजरेत सगळं समजली आणि टॉवेल ओढायला वळली.

"तू पाण्यात गेलीस तर तुझ्यामागून मी," गादीवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला पोहता येत नाही, तुला माहीत आहे. मग दोघींना काढत बस."

"आई, तिची आई तिथं बसलीय गं."

"तुझी इथं उभी आहे."

लेक मटकन खाली बसली, कापसाच्या ढिगात, तोंडाला हात लावून. इस्त्रीवाला तसाच मागं वळला. शिवी दिली असती तर बरं, असं गादीवालीला वाटलं. ती त्याच्याबरोबर निघाली. गादीवाला गेल्यापासून पट्टीचे पोहणारेही तळाला जायला धजत नव्हते; मोठ्या गावचं शोधपथक सकाळी येणार होतं, तोवर पोर पाण्यातच राहणार होती.

खाणीवर गर्दी होती. ती आली तशी गर्दी दुभंगली, आणि मागं लेक नाही हे बघून कुजबुज उठली. "नवरा तसा, आणि ही अशी," कुणीतरी ऐकू जाईल इतपत बोललं. ती थेट इस्त्रीवाल्याच्या बायकोपाशी गेली आणि दगडावर तिच्या शेजारी टेकली. बाईची नजर पाण्यावरून हलत नव्हती.

"मुलगी आली नाही तुमची?"

"मी येऊ दिलं नाही."

पाणी काळंभोर होत गेलं. चहावाल्यानं शेगडी पेटवली नव्हती. ती बाई म्हणाली, "ते असते तर आले असते."

"हो," गादीवाली म्हणाली. "आले असते."

ती जागची हलली नाही. बाईनंही तिला उठा म्हटलं नाही.