कमल का वाचत नव्हती

मंडळी, आज दुपारी सून माझ्या नातीला रागावली. शेजारची मुलगी धडाधड वाचते, ही अडखळते म्हणून. मला माझी आई आठवली.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही देवळीला राहायचो. पोरींनी शिकलंच पाहिजे, हा आईचा ध्यास. पण माझी धाकटी बहीण कमल गोवर होऊन गेल्यापासून पाटी घेऊन नुसती आमच्या तोंडाकडे बघत बसायची.

"शेजारची शांता वाचून राह्यली, तुले काऊन येत नाई?" म्हणत आई तिला मारायची.

एकदा अंगणात कमलच्या मागे साप निघाला. आई दारातून ओरडली, "कमल, पळ!" कमलने मानही वळवली नाही. आईने धावत जाऊन तिला उचललं.

साप गेल्यावर आईने तिच्या पाठीमागे थाळी वाजवली. पुन्हा वाजवली. कमल मातीत रेघा ओढत राहिली.

आईने परत कधी हात उचलला नाही. पण शेवटच्या आजारातही मला विचारायची, "मी तिले काऊन मारलं वं?"

मी सुनेला हे सांगितलं. ती उठून लेकीजवळ जाऊन बसली.

तुमच्या हातून असं काही झालंय का, जे अजून विसरता येत नाही?